शालींच्या बाजारापलीकडचे रोरिक

कुलू-मनालीला जाऊन आलेले मराठी घर ओळखायला फारसा वेळ लागत नाही. दिवाणखान्यात बर्फावर काढलेला, भाड्याचे कोट आणि गमबूट घातलेल्या सगळ्या कुटुंबाचा फोटो असतो. कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात एक करडी शाल घडी घालून ठेवलेली असते, तिच्या दोन्ही टोकांना रंगीत नक्षीचे पट्टे असतात. आणि एक गोल टोपी असते, जी घेताना सगळ्यांना आवडलेली असते आणि घरी आल्यावर कोणीच घालत नाही.

ही खरेदी कशी होते तेही ठरलेले आहे. कुलूच्या रस्त्यावर बस थांबते. दुकानाबाहेर पिंजऱ्यात पांढरेशुभ्र अंगोरा ससे असतात, मुले तिकडे धावतात, मोठी माणसे आत शिरतात आणि तासाभराने पिशव्या घेऊन बाहेर पडतात. मग वेळ उरलाच तर पतलीकूहलचा पूल ओलांडून बियासच्या डाव्या तीरावर नग्गरला जायचे. एके काळी ही कुलूच्या राजांची राजधानी होती. दगड आणि देवदाराच्या तुळया आळीपाळीने रचून बांधलेला तिथला वाडा १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपातही उभा राहिला. आता तिथे सरकारी हॉटेल आहे. वाड्यापासून चढावर थोडे पुढे गेले की एक दुमजली घर लागते. तिथे एका रशियन चित्रकाराची चित्रे आहेत असे गाइड सांगतो. मंडळी आत डोकावतात, देविकाराणीचा फोटो पाहून ‘अछूत कन्या’ आठवतात, आणि पंधरा मिनिटांत खाली उतरतात.

नग्गरला मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा हेच पाहिले. यात पर्यटकांचा दोष नाही. निकोलस रोरिक हे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात कधी आलेच नाही. पण शालींचे गठ्ठे घेऊन या घरासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाशी रोरिकांचे फार जवळचे नाते आहे. हाताने विणलेला पट्टा आणि भिंतीवरचे चित्र यांत उच्च-नीच न मानणारा हा माणूस होता.

रोरिकांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७४ चा, सेंट पीटर्सबर्गचा. वडील नोटरी होते, आणि मुलाने कायदा शिकावा असे त्यांचे मत होते. मुलाला चित्रकार व्हायचे होते. आपल्याकडे अशा घरात जे होते तेच तिथे झाले, फक्त तडजोड जरा कडक झाली. १८९३ साली मुलाने विद्यापीठात कायद्याला आणि कला अकादमीत चित्रकलेला एकाच वेळी नाव घातले आणि दोन्ही अभ्यास पुरे केले! अकादमीच्या शेवटच्या परीक्षेसाठी काढलेले त्यांचे चित्र १८९७ साली मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयासाठी विकत घेतले गेले. त्यानंतर वकिलीचा विषय घरात निघाला नसावा.

तिसरे वेड होते उत्खननाचे. लहानपणीच ते इझवाराच्या वडिलोपार्जित इस्टेटीभोवतालचे जुने दफनटीले खणणाऱ्यांबरोबर हिंडले होते. त्याच इझवाराच्या घरात एका हिमशिखराचे जुने चित्र टांगलेले होते. ते कांचनजंगा होते हे पुढे कित्येक वर्षांनी कळले, असे रोरिकांनीच लिहून ठेवले आहे.

१९०१ साली हेलेना शापोश्निकोवाशी लग्न झाले. १९०३ आणि १९०४ च्या उन्हाळ्यात हे जोडपे रशियातली जुनी गावे पाहत फिरले. ही मंडळीही एका अर्थी पर्यटकच. जुनी चर्चे, तटबंद्या, शेतकरी बायकांचे भरतकाम, कोरीव लाकूड हे सगळे ते पाहत होते, आणि त्यातले बरेचसे पडत, विकले जात, फेकले जात असलेलेही दिसत होते. रोरिकांनी भिंतीमागून भिंती रंगवून ठेवल्या. त्या उन्हाळ्यांनी त्यांना जन्मभराचा विषय दिला असे मला वाटते. हाताने केलेली सुंदर वस्तू मोडायला एक दिवस पुरतो आणि घडायला पिढ्या लागतात, ही टोचणी पुढे कधी गेली नाही.

१९०६ साली ते राजधानीतल्या कला-प्रोत्साहन संस्थेच्या शाळेचे संचालक झाले. या शाळेत चित्रकलेच्या वर्गांशेजारी विणकाम, भरतकाम, मातीकाम आणि देवचित्रांच्या कार्यशाळा चालत. तैलचित्र काढणारा कलावंत आणि मडके घडवणारा कारागीर अशी वाटणी त्यांना मान्य नव्हती. आपल्याकडे अजूनही आर्ट स्कूलमधून बाहेर पडलेल्याच्या चित्राला किंमत मिळते आणि विणकराच्या शालीला घासाघीस मिळते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शाळेचे मोल कळते.

पॅरिसची गोष्ट सांगायलाच हवी. २९ मे १९१३ ला तिथे स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेचा पहिला प्रयोग झाला आणि प्रेक्षागृहात अक्षरशः दंगल उसळली. पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात ती रात्र प्रसिद्ध आहे. त्या बॅलेच्या कथाकल्पनेत रोरिकांचा मोठा वाटा होता, पडदे आणि पोशाखही त्यांचेच. नाचणाऱ्यांच्या अंगावर जुन्या रशियन खेड्यातले अंगरखे होते आणि त्यांच्या कडांवर त्रिकोण, चौकोन आणि वाकड्यातिकड्या रेघांची नक्षी होती. त्या पोशाखांचे फोटो मी पाहिले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कुलूच्या बाजारातले पट्टूच आले. कुठे व्होल्गा आणि कुठे बियास! पण थंड देशातल्या बाईने लोकर किंवा ताग हातात घेतला की तिला सुचणारे आकार भावंडांसारखे दिसतात.

मग दिवस फिरले. फुप्फुसांच्या दुखण्यामुळे १९१६ च्या अखेरीस हे कुटुंब फिनलंडमध्ये हवापालटाला गेले. क्रांती झाली, १९१८ साली सरहद्द बंद झाली आणि हवापालटाला गेलेली माणसे देशाबाहेरची होऊन बसली. लंडन, मग न्यूयॉर्क. लंडनमध्ये रवींद्रनाथांची भेट झाली. अमेरिकेत प्रदर्शने गाजली, श्रीमंत चाहते मिळाले, त्यांच्या नावाचे संग्रहालय निघाले. पण ओढ हिंदुस्थानची होती. डिसेंबर १९२३ मध्ये रोरिक पती-पत्नी आणि युरी, स्वेतोस्लाव ही दोन मुले मुंबई बंदरात उतरली आणि महिन्याभरात दार्जिलिंगला पोहोचली. तेराव्या दलाई लामांचा मुक्काम पूर्वी जिथे होता त्या घरात त्यांनी बिऱ्हाड केले, आणि समोर होता कांचनजंगा.

१९२५ साली त्यांनी काश्मीरमार्गे लेह गाठले आणि तिथून काराकोरम ओलांडून मध्य आशियात प्रवेश केला. खोतान, उरुमची, मधेच मॉस्को, अल्ताई, मंगोलिया, गोबीचे वाळवंट आणि तिबेट असा हा प्रवास तीन वर्षे चालला. सगळ्यांत वाईट काळ आला तिबेटच्या पठारावर. ल्हासाकडे जाऊ न देता तिबेटी अधिकाऱ्यांनी त्यांना १९२७-२८ च्या हिवाळ्यात पाच महिने अडवून ठेवले. उन्हाळी तंबू, उणे चाळीसच्या खाली जाणारा पारा, औषधे संपलेली. बरोबरची काही माणसे गेली आणि जनावरे तर बहुतेक सगळीच गेली. चहाच्या थर्मासवाचून रोहतांगवर दहा मिनिटे न टिकणाऱ्या आपल्यासारख्यांनी हेलेनाबाईंची कल्पना करून पाहावी. मे १९२८ मध्ये ही मंडळी सिक्कीममार्गे दार्जिलिंगला परतली. त्या वाटेवरच्या शेकडो चित्रांतले निळे आणि जांभळे रंग पाहणाऱ्याला भडक वाटतात, पण हिमालयात सूर्य बुडताना जो उभा राहिला आहे त्याला ते तसे वाटणार नाहीत.

रोरिकांना संत करून ठेवणारेही पुष्कळ आहेत. मला ते जमत नाही. शंभालाच्या गूढ राज्याचा त्यांचा ध्यास, अदृश्य गुरूंचे संदेश, त्यातून आशियाच्या राजकारणाबद्दल बांधलेले मनोरे हे सगळे त्यांच्या आयुष्यात आहे आणि त्याने त्यांचे नुकसानही केले. इंग्रज सरकारला ते रशियाचे हेर वाटत. १९३० साली तर त्यांना हिंदुस्थानात परतण्याचा व्हिसाच नाकारला गेला. पत्नी नग्गरला आजारी, आणि हे फ्रेंचांच्या पाँडिचेरीत परवानगीची वाट पाहत बसलेले!

नग्गरचे हे घर त्यांनी १९२८ च्या अखेरीस घेतले. ‘उरुस्वती’ ही हिमालय-संशोधन संस्था दार्जिलिंगला स्थापन झाली होती, तीही इथे आली. वनस्पती गोळा करणे, तिबेटी वैद्यक, भाषा, लोकजीवन असे तिचे काम होते. थोरला युरी तिबेटीचा मोठा पंडित झाला, धाकटा स्वेतोस्लाव चित्रकार. अंगणातल्या देवदाराखाली गुगा चौहान या घोडेस्वार लोकदेवतेची दगडी मूर्ती आहे. हा रशियन माणूस त्या गावदेवतेला तितक्याच मानाने चित्रात आणत होता जितक्या मानाने पूर्वी ख्रिस्ती संतांना.

नग्गरला राहूनच त्यांनी जगाशी पत्रव्यवहार चालवला, आणि त्यातून एक मोठे काम उभे राहिले. युद्धातसुद्धा संग्रहालये, मंदिरे, शाळा, कलावस्तू यांना हात लावायचा नाही असा करार. रेडक्रॉससारखी त्याचीही खूण होती: पांढऱ्या कापडावर लाल वर्तुळात तीन लाल गोल. १५ एप्रिल १९३५ ला वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसमध्ये अमेरिका खंडातल्या २१ देशांनी या ‘रोरिक करारा’वर सह्या केल्या. १९५४ चा हेग करार याच वाटेने पुढे गेला.

त्याच वर्षी अमेरिकेतले त्यांचे छप्पर उडाले. अमेरिकन सरकारसाठी दुष्काळात टिकणारे गवत शोधायला ते मांचुरियात गेले होते. त्या मोहिमेवरून वाद झाले आणि ज्या मंत्र्याने त्यांना पाठवले होते, तो हेन्री वॉलेस, त्यानेच पाठ फिरवली. मग कराची मागणी आली, न्यूयॉर्कचे संग्रहालय हातातून गेले. पैसा आटला आणि ‘उरुस्वती’चे काम बंद पडले. आता नग्गर हे आवडीचे घर होतेच, पण दुसरीकडे जायला जागाही उरली नव्हती.

आणि याच वर्षांत खाली दरीत शालींचा इतिहास घडत होता. कुलूचे विणकर पूर्वी साधी, बिननक्षीची जाड पट्टी विणत. बुशहरकडून आलेल्या कारागिरांनी तिथे रंगीत भौमितिक नक्षी आणली आणि १९४४ साली भुट्टीच्या विणकरांनी सहकारी संस्था काढली. या संस्थेची दुकाने आज सगळ्या कुलूभर आहेत. शहरी बाईच्या मापाची पहिली नक्षीदार शाल देविकाराणीने विणून घेतली अशी गोष्ट तिथे सांगतात, आणि तिला साल देतात १९४२. ‘बॉम्बे टॉकीज’ सोडून, मालाडचा स्टुडिओ मागे टाकून देविकाराणीने स्वेतोस्लावशी लग्न केले ते १९४५ मध्ये, त्यामुळे गोष्टीचे साल मला पटत नाही. पण रोरिकांच्या सुनेचे नाव त्या शालीशी जोडावेसे गावाला वाटले, एवढे मात्र खरे.

शाल घेणाऱ्यांसाठी इथेच सांगून टाकते. खऱ्या कुलू शालीच्या पट्ट्यात प्रत्येक रंगाचा धागा विणकर बोटांनी वेगळा भरतो. पंजाबातल्या यंत्रमागावरची शाल तिच्याशेजारी ठेवा, उलटून दोन्ही बाजू पाहा, पट्ट्यावर बोट फिरवा, फरक कळतो. भौगोलिक मानांकनाची खूण आणि हातमागाची खूणही मागावी. आणि दुकानात जाण्याआधी ‘उरुस्वती’च्या इमारतीत चढून जावे. तिथे आता लोककलांचे संग्रहालय आहे. जुने विणकाम आधी पाहिले की किमतीवरून घासाघीस करणारी जीभ जरा आखडते.

१९४२ साली नेहरू आणि इंदिरा या घरी राहून गेले, स्वेतोस्लावने नेहरूंचे चित्र काढले. पुढे भारत सरकारने रोरिकांची चित्रे रविवर्मा, अमृता शेरगिल यांच्या चित्रांप्रमाणे राष्ट्रीय ठेवा मानली. नग्गरची शाल तुम्ही अमेरिकेतल्या लेकीला नेऊन देऊ शकता, भारतातले रोरिकांचे चित्र देशाबाहेर विकता येत नाही.

महायुद्धात त्यांनी चित्रे विकून आलेले पैसे रशियाच्या मदतीला दिले. युद्ध संपल्यावर मायदेशी परतण्यासाठी अर्ज केले. सामान बांधायला घेतले होते. परवानगी आली नाही. १३ डिसेंबर १९४७ ला, हा देश स्वतंत्र होऊन चार महिने होत असताना, रोरिक नग्गरलाच गेले. घराखालच्या उतारावर हिंदू पद्धतीने दहन झाले. तिथे एक मोठी शिळा आहे आणि तिच्यावर भारताचा रशियन मित्र म्हणून त्यांचा उल्लेख आहे.

हेलेनाबाई युरीसह कालिंपाँगला गेल्या. त्यांनीही परतण्याची वाट पाहिली आणि १९५५ साली तिथेच डोळे मिटले. परवानगी मिळाली ती युरीला, १९५७ मध्ये. तो वडिलांची शेकडो चित्रे बरोबर घेऊन गेला, आणि १९५८ च्या एप्रिलमध्ये मॉस्कोत त्यांचे प्रदर्शन भरले तेव्हा कुलू, लाहोल आणि कांचनजंगा पाहायला रशियन माणसांनी रांगा लावल्या.