शेट प्रेमचंद रायचंद

मुंबईंत विद्यापीठाच्या आवारांत जो उंच घड्याळाचा मनोरा आहे, त्यास राजाबाई मनोरा म्हणतात, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु ज्या गृहस्थांच्या दानांतून तो उभा राहिला, त्यांचें चरित्र थोड्यांच्याच वाचनांत येतें.

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म इ. स. १८३१ मध्यें सुरत येथें एका जैन कुटुंबांत झाला. बालपणींच ते मुंबईस आले व इंग्रजी शिक्षण संपादून दलालीच्या धंद्यांत शिरले. त्या काळीं इंग्रजी जाणणारा देशी दलाल विरळाच असे. त्यामुळें व हिशेबांतील चातुर्यामुळें त्यांचा लवकरच उत्कर्ष झाला.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखून धरलीं आणि इंग्लंडांतील लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. गिरण्यांस कापूस न मिळणें म्हणजे काय, हें मागांच्या आवाजांत वाढणाऱ्या भिवंडीकरांस सांगणें नको. साहजिकच गिरणीवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली, कापसाचे भाव गगनास भिडले व मुंबईंत पैशाचा पूर लोटला. नित्य नव्या बँका व कंपन्या निघूं लागल्या. समुद्र हटवून जमीन काढूं पाहणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांपर्यंत चढला. ह्या उलाढालींचे मुख्य सूत्रधार प्रेमचंदशेट हेच होते.

परंतु १८६५ मध्यें युद्ध संपलें आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा मुदतीचे सौदे पुरे करण्याचा दिवस उगवला, तेव्हां देणें भागविण्यास पैसा कोणापाशींच नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांवर गेलेला शेअर पुढें ८७ रुपयांवर आला. असंख्य कुटुंबें धुळीस मिळालीं. प्रेमचंदशेटांच्या वजनामुळें त्या बँकेनें अपुऱ्या तारणावर मोठालीं कर्जें दिलीं होतीं, हें सरकारी चौकशींत उघड झालें. हा दोष झांकून चरित्र लिहिणें सत्यास धरून होणार नाहीं. शेटजींची स्वतःची संपत्तिही ह्याच लाटेंत वाहून गेली.

तथापि भरभराटीच्या काळीं, १८६४ मध्यें, त्यांनीं मुंबई विद्यापीठास ग्रंथालयाकरितां दोन लाख रुपये व मनोऱ्याकरितां आणखी दोन लाख रुपये दिले होते. मनोऱ्यास मातेचें नांव द्यावें, एवढीच त्यांची इच्छा होती. दृष्टि गेलेल्या राजाबाईंस घंटेच्या नादावरून सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळावी, हा त्यांतील हेतु होता, अशी आख्यायिका आहे. २८० फूट उंचीचा तो मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. कलकत्ता विद्यापीठासही त्यांनीं दोन लाख रुपये दिले. त्यांतून निघालेली शिष्यवृत्ति मिळविणाऱ्यांत, शिवचरित्रामुळें महाराष्ट्रास परिचित झालेले सर जदुनाथ सरकार हेही होते.

पडझडीनंतर प्रेमचंदशेट खचले नाहींत. त्यांनीं पुन्हां दलालीच सुरू केली. १८७५ मध्यें स्थापन झालेल्या शेअर दलालांच्या मंडळाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. १९०६ सालीं ते निवर्तले.

विद्यार्थी मित्रहो, शेटजींनीं जें तिजोरींत ठेविलें तें एका वर्षांत नाहींसें झालें. जें विद्येस दिलें तें मात्र राहिलें. दान एक वर्ष लांबणीवर पडतें, तर तेंही बुडालें असतें. तेव्हां देण्याजोगें जें असेल, मग तें धन असो, विद्या असो वा श्रम असोत, तें हातीं आहे तोंवरच द्यावें, हा ह्या चरित्राचा बोध होय.