धुण्याच्या खोलीतले बूट

परवा आमच्या धाकट्याने तीन पट्ट्यांच्या बुटांचा हट्ट धरला. किंमत ऐकून माझे डोळेच पांढरे झाले! एवढं काय असतं या बुटांत, म्हणून वाचायला घेतलं आणि थेट पोचले जर्मनीतल्या हेर्त्सोगेनाउराख नावाच्या छोट्याशा गावात, पाउलिना डासलर यांच्या घरी.

पाउलिनाबाई लोकांचे कपडे धुऊन द्यायच्या. नवरा बुटांच्या कारखान्यात कामाला. मुलं धुतलेले कपडे घरोघर पोचवायची. त्यातला धाकटा आदि, जन्म १९०० सालचा. शिकला बेकरीचं काम, पण ओढा सगळा खेळाकडे. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर त्याने आईच्या धुण्याच्या खोलीतच बूट शिवायला सुरुवात केली. चामडं मिळेना, तर सैन्याच्या टाकाऊ सामानातून जमवलं. काटकसर आपल्याला काय नवीन आहे, नाही का?

थोरला भाऊ रुडॉल्फ बोलका, विक्रीत हुशार. आदि अबोल, हातात सतत काहीतरी काम. १९२४ मध्ये दोघांनी मिळून कारखाना काढला. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये लीना राडके त्यांचे बूट घालून ८०० मीटर धावली आणि तिने सुवर्णपदक पटकावलं. पण एवढं अंतर बायकांना झेपत नाही असं ठरवून ती शर्यतच बंद केली, ती थेट १९६० पर्यंत! १९३६ मध्ये बर्लिनला जेसी ओवेन्सच्या पायातही डासलरांचे बूट होते. मात्र हेही सांगायला हवं, की १९३३ मध्ये दोघे भाऊ नाझी पक्षाचे सभासद झाले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकनांनी रुडॉल्फला कैदेत टाकलं. भावानेच आपलं नाव सांगितलं, हा संशय त्याच्या मनात बसला तो बसलाच. १९४८ मध्ये वाटण्या झाल्या. रुडॉल्फने प्यूमा काढली, आदिने १९४९ मध्ये स्वतःच्या नाव-आडनावातून ‘आदिदास’ घडवलं. सगळं गाव दुभंगलं. माणूस भेटला की लोक आधी त्याच्या पायातले बूट बघायचे म्हणे!

१९५४ मध्ये आदिचे फिरकीच्या खिळ्यांचे बूट घालून पश्चिम जर्मनीने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. १९६९ मध्ये बास्केटबॉलसाठी ‘सुपरस्टार’ आला. न्यूयॉर्कच्या पोरांनी तो नाडीशिवाय रस्त्यावर मिरवला, रन-डीएमसीने १९८६ मध्ये त्यावर गाणंच केलं. ते बघायला आदि नव्हता. १९७८ मध्येच तो गेला. त्याच्यामागे पत्नी केटेने मुलाच्या साथीने १९८४ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, कंपनी सांभाळली.

भाऊ मात्र शेवटपर्यंत दुरावलेलेच राहिले. एकाच दफनभूमीत दोन टोकांना दोघांच्या कबरी आहेत. दोन्ही कंपन्यांची माणसं एकत्र फुटबॉल खेळली ती २००९ मध्ये, दोघेही गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी.

हे वाचलं आणि गप्पच झाले. आमच्याही दुकानाच्या मधोमध भिंत आहे. हे आणि भाऊजी सहा वर्षं बोललेले नाहीत. बुटांचं बघू पुढच्या महिन्यात. आज मात्र चकल्यांचा घाणा काढलाय, पहिला डबा भिंतीपलीकडे जाऊबाईंकडे जाईल. ह्यांना विचारलेलं नाही, विचारणारही नाही.