आगाखान तिसरे : इमामतीची गादी आणि घोड्यांची पागा

मावळातल्या बेडसे लेण्यांच्या खांबांवर घोड्यावर बसलेली जोडपी कोरलेली आहेत, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची. घोड्याचं हे वेड पुणे जिल्ह्यात आजही स्टड फार्मच्या रूपाने टिकून आहे. पण पुण्याशी नातं असलेल्या एका मुस्लिम घराण्याने घोड्यांच्या पैदाशीत जगभर नाव काढलं, हे आपल्या मुलांना फारसं ठाऊक नसतं. म्हणून आज सर सुलतान मुहम्मद शाह, म्हणजेच आगाखान तिसरे यांच्याविषयी.

जन्म २ नोव्हेंबर १८७७, कराची. १८८५ मध्ये वालिद पुण्यात वारले आणि अवघ्या सातव्या वर्षी इस्माइली जमातीची इमामत त्यांच्याकडे आली. घोड्यांचा शौक तर आजोबांपासूनचा. पुढे १९०६ साली स्थापन झालेल्या मुस्लिम लीगचे ते पहिले अध्यक्ष झाले, अलीगढ विद्यापीठासाठी निधी उभारला.

युरोपात त्यांनी पागा उभी केली ती १९२१-२२ च्या सुमारास. ९,१०० गिनी मोजून मुमताज महल नावाची एक वर्षाची राखाडी घोडी घेतली. कुठल्या घोडीला कुठला नर द्यायचा, हे ते नुसत्या अंदाजाने ठरवत नसत. कर्नल व्हुइये हे फ्रेंच जाणकार पिढ्यांच्या वंशावळीचा हिशेब मांडून देत. १९३१ मध्ये ते गेले, तेव्हा आगाखानांनी हे काम त्यांच्या पत्नीवर सोपवलं. त्या काळी एका बाईवर एवढा भरवसा टाकणं सोपं नव्हतं.

फळ मिळालं. इंग्लंडची डर्बी त्यांच्या घोड्यांनी पाच वेळा जिंकली. १९३५ चा विजेता बहराम तर नऊच्या नऊ शर्यती जिंकून निवृत्त झाला. मुमताज महलचा नातू महमूद १९३६ साली जिंकला. १९४० मध्ये हे दोन्ही नर त्यांनी अमेरिकेला विकले, त्यावर इंग्लंडात बरीच टीका झाली. पण मुमताज महलच्या लेकी-नातींचा वंश पागेत राहिला. १९८१ चा डर्बी विजेता शेरगर त्याच वंशातला.

शर्यतीवरचा जुगार आपल्या दीनमध्ये हराम आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. घ्यायचा तो धडा वेगळा आहे : जाणकार माणसं निवडा, त्यांच्यावर विश्वास टाका, आणि उद्याचं मूळ सांभाळा.

११ जुलै १९५७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं. दफन इजिप्तमधल्या अस्वान इथे. पागा मुलगा अली खान यांच्याकडे गेली आणि १९६० मध्ये ते अपघातात गेल्यावर नातू करीम यांच्याकडे. घराण्याने ती विखुरू दिली नाही.