एक्सप्लेनर : चर्चसोबत भारतात आलेला तरुण पाद्री चर्चपासून का दुरावला? व्हेरियर एल्विन यांची गोष्ट

यवतमाळ : १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल कायदा मोडला. हा सत्याग्रह वऱ्हाड आणि मध्य प्रांतात पसरला. अमरावतीच्या पलीकडे बैतूलमध्ये गोंड आदिवासी मोठ्या संख्येने त्यात उतरले. त्या वेळी पुण्यातल्या एका ख्रिस्ती आश्रमात २७ वर्षांचा इंग्रज पाद्री राहत होता. पुढच्याच वर्षी तो गोंडांची स्थिती पाहायला बैतूलला पोहोचला. त्याचे नाव व्हेरियर एल्विन.

चर्च आणि ख्रिस्ती विद्यार्थी चळवळ समाजबदलासाठी किती अंतर सोबत चालू शकतात, हे एल्विन यांच्या आयुष्यातून कळते.

विद्यार्थी चळवळ नेमकी काय होती?

१८९५ मध्ये स्वीडनमध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा जागतिक महासंघ स्थापन झाला. भारतात स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ मध्ये सुरू झाली. चर्चला शिकलेले, दूरदेशी जायला तयार असलेले तरुण हवे होते. तरुणांना विद्यापीठाबाहेर काहीतरी करून दाखवायचे होते. त्यामुळे दोघांचे जमले.

एल्विन याच वातावरणात वाढले. त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. वडील बिशप होते. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्यात प्रथम श्रेणी मिळवलेले एल्विन १९२५ मध्ये तिथल्या ख्रिस्ती विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष होते. त्यानंतर ते पाद्री झाले.

पुण्यात कसे आले?

जॅक विन्स्लो या पाद्र्याने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला होता. इंग्रज आणि भारतीय ख्रिस्ती तरुणांनी एकत्र, भारतीय पद्धतीने राहावे, ही त्यामागची कल्पना होती. विन्स्लो यांच्या प्रभावाने एल्विन १९२७ मध्ये भारतात आले आणि पुण्यातल्या आश्रमात दाखल झाले. चर्च आणि विद्यार्थी चळवळ यांच्या सहकार्याचा हा सगळ्यात चांगला काळ म्हणता येईल.

जानेवारी १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील एका आंतरधर्मीय परिषदेत एल्विन गांधीजींना भेटले आणि हळूहळू स्वातंत्र्य चळवळीकडे ओढले गेले. १९३० मध्ये त्यांनी सत्याग्रहाला ख्रिस्ती विचारातून पाठिंबा देणारी पुस्तिका लिहिली. सरकार आणि चर्चमधील अनेकांना हे रुचले नाही.

गोंडांकडे कोणी पाठवले?

वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी. एल्विन यांना गरिबांमध्ये राहून काम करायचे होते. गोंडांकडे कोणाचे लक्ष नाही, असे बजाज यांनी सुचवले आणि १९३१ मध्ये त्यांना बैतूलला नेले. त्याच वर्षी एल्विन यांनी ख्रिस्त सेवा संघ सोडला.

जानेवारी १९३२ मध्ये ते मंडला जिल्ह्यातील करंजिया गावी राहायला गेले. सोबत होते आश्रमातले सहकारी, मराठी ख्रिस्ती तरुण शामराव हिवाळे. दोघांनी गोंड सेवा मंडळ सुरू केले. शाळा, दवाखाना आणि कुष्ठरुग्णांसाठी आसरा उभा राहिला. गावकरी एल्विन यांना बडा भाई आणि शामरावांना छोटा भाई म्हणू लागले.

मग बिनसले कुठे?

हा भाग नागपूरच्या बिशपांच्या अखत्यारीत होता. पाद्री म्हणून काम करायचे तर बिशप अ‍ॅलेक्स वूड यांचा परवाना हवा होता. त्यासाठी राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागणार होती. काँग्रेसच्या बाजूने उभे राहिलेल्या एल्विन यांना ती मान्य नव्हती. गोंडांचे धर्मांतर करायलाही ते तयार नव्हते. परवाना मिळाला नाही.

१९३२ मध्येच ते इंग्लंडला गेले असता, भारतात परतण्यासाठी राजकारणात भाग घेणार नाही असे सरकारला लिहून द्यावे लागले. अखेर १९३५ मध्ये त्यांनी चर्च सोडले.

म्हणजे शाळा-दवाखान्यांना कोणाची हरकत नव्हती. सत्तेच्या विरोधात बाजू घ्यायची वेळ आली, तेव्हा वाटा वेगळ्या झाल्या.

एल्विन यांच्यावर टीका का होते?

पुढे दारूबंदी आणि सूतकताई आदिवासींवर लादण्यावरून त्यांचे गांधीवाद्यांशीही पटेना. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये, आदिवासींना इतर समाजापासून वेगळे ठेवण्याच्या त्यांच्या भूमिकेवर टीका केली.

खासगी आयुष्यावरचा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९४० मध्ये त्यांनी आपल्याच शाळेत शिकलेल्या कोसी या राज गोंड मुलीशी लग्न केले. १९४९ मध्ये घटस्फोट झाला. एल्विन यांचे नाव होत गेले, कोसी यांचे उरलेले आयुष्य मात्र गरिबीत गेले.

आपल्या भागाशी संबंध काय?

बैगा, अगरिया आणि मुरिया यांच्यावरील एल्विन यांचे ग्रंथ आजही अभ्यासले जातात. शामरावांनी १९४६ मध्ये परधानांवर पुस्तक लिहिले. गोंड आणि परधान हे यवतमाळ जिल्ह्यातलेही समाज आहेत. १९५४ पासून एल्विन ईशान्य सीमा भागासाठी सरकारचे सल्लागार होते. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

यवतमाळमध्ये १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. वेगवेगळ्या चर्चमधले तरुण इथे एकत्र शिकले. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. १९३० मध्ये ज्या जंगल हक्कावरून पुसदला सत्याग्रह झाला, त्यासाठी वनहक्क कायदा यायला २००६ साल उजाडले. गोंड-कोलामांच्या गावात आज शाळा किंवा दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे, मग ती कोणत्याही धर्माची असो, एल्विन यांच्यापुढचाच प्रश्न येतो : सेवेपुरते थांबायचे, की जमिनीच्या आणि जंगलाच्या हक्कासाठीही सोबत उभे राहायचे?