अजिंठ्याचे राखणदार : गुलाम याझदानी

शहराच्या दिल्ली दरवाजातून उत्तरेकडे निघालेला रस्ता हर्सूलवरून पुढे फुलंब्री, सिल्लोड करीत अजिंठ्याला जातो. रोज कितीतरी गाड्या या रस्त्याने लेण्यांकडे धावत असतात. बाहेरगावचा पाहुणा आला की आपणही त्याला मोठ्या हौसेने तिकडे नेतो. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर उभे राहिले की चित्रकाराच्या आठवणीने मन भरून येते. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण दीड हजार वर्षांपूर्वीचे ते चित्र आपल्यापर्यंत टिकून कसे राहिले, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. ते आपोआप टिकले नाही. ते टिकविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत गुलाम याझदानी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. विद्वानांच्या जगात हे नाव सर्वत्र परिचित आहे. ज्या भूमीची त्यांनी सेवा केली, त्या मराठवाड्यात मात्र ते फारसे कोणाच्या ओठावर नाही.

याझदानींचा जन्म २२ मार्च १८८५ रोजी दिल्लीत झाला. त्या शहरात पावलापावलावर जुन्या इमारती. कुठे कमान ढासळलेली, कुठे थडग्यावरचा लेख झिजलेला. अशा वातावरणात वाढलेल्या या बुद्धिमान मुलाला अरबी आणि फारसी या भाषांची गोडी लागली. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे काही वर्षे त्यांनी अध्यापन केले. भाषेच्या अभ्यासातूनच ते शिलालेखांकडे वळले आणि शिलालेखांनी त्यांना इमारतींपाशी नेऊन पोचविले. भारत सरकारच्या वतीने निघणाऱ्या अरबी-फारसी शिलालेखांच्या संग्रहाचे संपादन त्यांनी १९१५ पासून पुढे पाव शतक केले. झिजलेले अक्षर घाई न करता, पुन्हा पुन्हा पाहून वाचायचे, ही सवय त्यांना तेथे जडली. तीच पुढे अजिंठ्याच्या कामी आली.

त्या काळी आपला हा प्रदेश निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत १९०४ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला, पण तो ब्रिटिश मुलखापुरता होता. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद ही सारी ठेव संस्थानाच्या हद्दीत असल्यामुळे त्या कायद्याचे छत्र तिला मिळत नव्हते. भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल यांचा सल्ला आणि संस्थानचे अधिकारी सर अकबर हैदरी यांचा पुढाकार यांमुळे १९१४ साली हैदराबादेत स्वतंत्र पुरातत्त्व खाते निघाले. आसार-ए-कदीमा हे त्याचे उर्दू नाव. त्याचे पहिले प्रमुख म्हणून याझदानींची निवड झाली. तेव्हा त्यांचे वय तिशीच्याही आत होते.

त्यांच्या हाती काय आले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला वाघोरा नदीच्या वळणावर ही लेणी दिसली. बाहेरच्या जगाला अजिंठ्याची ओळख झाली ती तेव्हापासून. पण या स्मिथसाहेबांनी जाताना दहाव्या लेण्यात आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली! कौतुक आणि नासधूस अशी एकाच दिवशी सुरू झाली. पुढे येणाऱ्यांपैकी कोणी नावे कोरली, कोणी आठवण म्हणून चित्रांचे तुकडेच खरवडून नेले. असा एक तुकडा अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात जाऊन पोचला. चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ पासून रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने येथे वर्षानुवर्षे मुक्काम केला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अनेक हिवाळे खपून नव्याने नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. यातून एकच गोष्ट सिद्ध झाली. नकलांवर विसंबून चालणार नाही, मूळ भिंतच सांभाळली पाहिजे.

आणि मूळ भिंतीची अवस्था तर बिकट होती. अजिंठ्याचे चित्र म्हणजे दगडावरचा रंग नव्हे. कातळावर माती, शेण, भुसा, तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर रंग, अशी त्याची रचना असते. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून आत झिरपले की गिलावा सुटतो. कीड त्यातील भुसा खाते. वटवाघळांची घाण रंगावर बसते. दिव्यांच्या आणि चुलींच्या धुराने काजळी धरते. एकदा गिलावा कातळापासून सुटून फुगला, की बोटाचा धक्काही त्याला पुरेसा होतो.

याझदानींनी आरंभ केला तो याच साध्या दिसणाऱ्या बाबींपासून. लेण्यांवरून वाहणारे पाणी बाजूला काढणे, आत साचलेला गाळ उपसणे, खचलेल्या खांबांना आधार देणे, जाण्यायेण्याची वाट नीट करणे, राखणदार नेमणे. ही कामे वर्तमानपत्रात झळकण्याजोगी नाहीत. पण लेणी टिकतात ती यांच्याच बळावर. अजिंठ्यावर देखरेखीसाठी सय्यद अहमद या चित्रकाराची नेमणूक झाली. लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर १९०९ ते १९११ च्या सुमारास नंदलाल बोस आदी तरुण कलावंत अजिंठ्याच्या नकला करावयास आले होते. सय्यद अहमद त्याच चमूतले. चित्राची रेघ न् रेघ ज्याच्या हाताखालून गेली आहे, त्यालाच त्याची राखण सोपवावी, ही निवड किती मार्मिक होती!

सुटलेला गिलावा पुन्हा कातळाला कसा जोडावा, याचे शास्त्र मात्र त्यावेळी आपल्याकडे नव्हते. म्हणून संस्थानने इटलीहून प्रा. लोरेन्झो चेकोनी आणि त्यांचे सहकारी काउंट ओर्सिनी यांना पाचारण केले. १९२० ते १९२२ या काळात दोन हिवाळे त्यांनी येथे काम केले. फुगलेल्या गिलाव्याच्या मागे चिकट द्रव्य सोडून तो त्यांनी पुन्हा बसविला, तुटलेल्या कडा बांधून घेतल्या, काजळी पुसून काढली. कोसळण्याच्या बेतात असलेली कितीतरी चित्रे वाचली, ती त्या दोन हिवाळ्यांत.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवावयास हवी. रंग पक्के राहावेत म्हणून या तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचे रोगणही दिले होते. त्याआधी ग्रिफिथ्स यांच्या वेळी व्हार्निश फासले गेलेच होते. कालांतराने हे थर पिवळे पडले, काळवंडले आणि त्यांच्याखाली मूळ रंग झाकोळून गेले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना हे थर इंचाइंचाने उतरवीत बसावे लागले. यात याझदानींचा हेतू वाईट नव्हता, त्या काळच्या उत्तम ज्ञानाचाच त्यांनी आधार घेतला होता. पण या अनुभवातून संरक्षणाचे एक मोठे सूत्र मिळाले : जुन्या वस्तूवर असे काहीही करू नये, की जे पुढच्या पिढीला सहजपणे काढून टाकता येणार नाही.

लेणी दुरुस्त करून याझदानी स्वस्थ बसले नाहीत. नकला जळतात, भिंती झिजतात, तेव्हा चित्रांचे विश्वासू दर्शन ग्रंथरूपाने जगापुढे ठेवले पाहिजे, असा त्यांनी ध्यास घेतला. रंगीत छायाचित्रण तेव्हा बाल्यावस्थेत होते. ई. एल. व्हॅसी या छायाचित्रकाराकडून अंधाऱ्या लेण्यांतील चित्रे टिपून घेतली गेली. त्यांतून अजिंठ्यावरील ग्रंथाचे चार भाग सिद्ध झाले. पहिला १९३० साली, दुसरा १९३३ साली, तिसरा १९४६ साली आणि चौथा १९५५ साली. पहिल्या आणि शेवटच्या भागात पाव शतकाचे अंतर आहे. मधल्या काळात महायुद्ध झाले, देश स्वतंत्र झाला, संस्थान विलीन झाले, खुद्द याझदानी १९४३ मध्ये निवृत्त झाले. काम मात्र थांबले नाही. भिंतीवरील जुन्या लेखांचे वाचन त्यांनी त्या लिपीच्या जाणकारांकडून करवून घेतले. आपल्याला काय येत नाही हे ओळखणे हाही विद्वत्तेचाच भाग असतो.

त्यांचे कार्यक्षेत्र केवळ अजिंठ्यापुरते नव्हते. रायचूरजवळच्या मस्की येथे १९१५ साली सम्राट अशोकाचा शिलालेख उजेडात आला. अशोकाचे नाव प्रत्यक्ष कोरलेला म्हणून तो इतिहासात गाजला, आणि तो छापून या नव्या खात्याने आपल्या ग्रंथमालेचा श्रीगणेशा केला. वरंगळकडील पालमपेटच्या मंदिरांवर याझदानींनी १९२२ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांतील रामप्पा मंदिराला जागतिक वारशाचा मान मिळाला तो २०२१ साली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. मांडूवरील ग्रंथ १९२९ चा, बिदरवरील १९४७ चा. बौद्ध लेणे, शैव मंदिर, सुलतानांची मशीद यांत त्यांनी आपपरभाव केला नाही. स्वतः अरबी-फारसीचा पंडित असलेल्या या मुसलमान गृहस्थाने आयुष्यातील उत्तम वर्षे जातककथांची चित्रे समजून घेण्यात घालविली.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या रक्षणाला कायद्याचे बळ मिळाले. १३३७ फसली, म्हणजे इसवी १९२७-२८ च्या सुमारास, हैदराबाद संस्थानात प्राचीन वास्तुरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. चांगला अधिकारी आज आहे, उद्या नसेल. कायदा आणि खाते मात्र मागे राहते. पुढे भारताच्या संसदेने १९५१ च्या कायद्याने संस्थानातील प्रमुख स्मारके राष्ट्रीय महत्त्वाची ठरविली, १९५८ साली सर्व देशासाठी नवा कायदा झाला आणि १९८३ मध्ये अजिंठा व वेरूळ यांची नावे जागतिक वारशाच्या यादीत गेली. ही सारी इमारत १९१४ साली घातलेल्या पायावर उभी आहे.

ज्या राजवटीची याझदानींनी चाकरी केली, तिच्याविरुद्ध आपल्या वाडवडिलांनी लढा दिला. १७ सप्टेंबर १९४८ हा मुक्तीचा दिवस आपण अभिमानाने पाळतो, आणि तो पाळलाच पाहिजे. लेण्यांवर खर्च झालेला पैसाही अखेर येथल्याच शेतकऱ्याच्या साऱ्यातून आला होता. परंतु राजवटीचा हिशेब वेगळा आणि त्या राजवटीत राहून एखाद्याने निष्ठेने केलेल्या कामाचा हिशेब वेगळा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे दोन्ही हिशेब स्वतंत्रपणे मांडता आले पाहिजेत.

स्वतंत्र भारताने तरी हा भेद ओळखला. १९५९ साली याझदानींना पद्मभूषण देऊन गौरविण्यात आले. दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील, त्यांनी संपादिलेला मोठा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. १३ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून आपण हर्सूल परिसरात राहणाऱ्यांनी काय घ्यावे? अजिंठा, वेरूळ, बीबी का मकबरा, दौलताबाद यांना केंद्र सरकारचे संरक्षण आहे. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापायी स्मारकाशेजारी राहणाऱ्या सामान्य माणसाची अडचणही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मलिक अंबरने सतराव्या शतकात ज्या नहरीने या शहराला पाणी पाजले, त्या नहरीचे पाणी आपल्याच हर्सूल-सावंगीच्या बाजूने येत असे. जमिनीखालून गेलेली ती वाट आज अनेक ठिकाणी बुजली आहे, कुठे तिच्यावर घरे आहेत, कुठे रस्ता आहे. तिच्या खापरी नळांचे तुकडे पायाखाली आले तरी आपण ओळखत नाही. लेणे पाहावयास तिकीट काढून जाणारे आपण, दाराजवळच्या वारशाला वळसा घालून जातो.

संरक्षण म्हणजे केवळ सरकारी निळी पाटी नव्हे. पाटी लागण्याच्या आधी कोणीतरी त्या वास्तूची नोंद करावी लागते, मोजमापे घ्यावी लागतात, चित्र काढावे लागते, ती का जपायची हे लोकांना पटवून द्यावे लागते. याझदानींनी आयुष्यभर हेच केले. आपल्या महाविद्यालयातील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीच्या दिवशी वही आणि मोजपट्टी घेऊन नहरीच्या खुणा शोधावयास निघावे, गावातील वडीलधाऱ्यांना विचारून विहिरी, बारवा, जुने चौथरे यांची यादी करावी. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. अजिंठ्याच्या या राखणदाराला हर्सूलने वाहिलेली तीच खरी आदरांजली ठरेल.