मुलांच्या खेळाला जपणारा संत

३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. परीक्षा तोंडावर आलेल्या असताना येणाऱ्या या सणानिमित्त त्यांच्या जीवनाचा एक पैलू आपण पाहू या.

१८१५ साली इटलीतील बेक्की या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच पितृछत्र हरपले. माता मार्गरीटाने त्यांना कष्टाने वाढविले. शिकण्यासाठी जॉनने शिवणकाम केले, कॉफीच्या दुकानात राबले. अभ्यासाचे मोल त्यांना कुणी सांगायला नको होते.

१८४१ साली गुरुदीक्षा घेऊन ते ट्युरिन शहरात आले. तेथे कोवळी मुले बांधकामांवर आणि कारखान्यांत राबत होती. डॉन बॉस्को त्यांना रविवारी एकत्र करीत. मिस्सा, धर्मशिक्षण आणि मग मनसोक्त खेळ! पुढे त्यांनी मुलांच्या मालकांशी लेखी करार केले व रविवार आणि सणाचे दिवस मुलांना मोकळे मिळावेत, अशी अट घातली.

१८४६ साली अतिश्रमाने ते स्वतःच मरणाच्या दारात पोहोचले. मुलांनी उपास-प्रार्थना केल्या. ते बचावले आणि काही महिने गावी विसावले. शरीराला मर्यादा असते, हे त्यांनी स्वतः अनुभवले.

१८५४ साली दोमिनिक साव्हियो त्यांच्याकडे शिकायला आला. संत होण्याच्या ध्यासाने तो गंभीर झाला, खेळ टाळू लागला. डॉन बॉस्कोंनी त्याला पुन्हा सवंगड्यांत पाठविले. अभ्यास, प्रार्थना आणि आनंद हाच त्यांनी दाखविलेला पवित्रतेचा मार्ग. दोघांनाही ख्रिस्तसभेने संतपद बहाल केले. गुरूला १९३४ साली, शिष्याला १९५४ साली.

बंधुभगिनींनो, शाळा, क्लास, गृहपाठ आणि पुन्हा रविवारचा जादा क्लास! आपल्या मुलांचा मोकळा वेळ कुठे उरला? विश्रांती म्हणजे आळस नव्हे. माणसाची किंमत त्याच्या गुणपत्रिकेवर ठरत नाही, हे मुलाला विश्रांतीतूनच उमगते. आम्ही धर्मगुरूही निर्दोष नाही. स्पर्धा आणि सराव यांनी त्यांचा रविवार आम्हीही भरून टाकतो.

तेव्हा आपण मिळून ठरवू या. रविवारी मूल मिस्साला येईल, घरच्यांसोबत जेवेल आणि संध्याकाळी खेळेल. पुस्तक सोमवारी उघडता येईल. बालपण पुन्हा उघडता येत नाही.

संत जॉन बॉस्को, आमच्या मुलांसाठी विनंती कर.