मेलनी क्लाइन : मुलांच्या खेळात मन शोधणारी बाई

अंबडला आमच्या गल्लीत एक चार वर्षांचा मुलगा आहे. हाक मारली तरी वळून पाहत नाही. डब्यांची झाकणे तेवढी फिरवीत बसतो. आई कारखान्यात कामाला जाते, म्हणून मूल असे झाले, असे मी एका हळदीकुंकवाला बोलून गेले. त्या माउलीने ते ऐकले आणि ती उठून गेली. पुढे मेलनी क्लाइन यांचे चरित्र वाचले, आणि माझी मलाच लाज वाटली.

मेलनीबाईंचा जन्म ३० मार्च १८८२ रोजी व्हिएन्ना येथे झाला. डॉक्टर व्हायची इच्छा होती. पण १९०३ साली लग्न झाले आणि ते राहूनच गेले. तीन मुले झाली, मन मात्र खचत गेले. बुडापेस्टला असताना फेरेन्झी या मनोविश्लेषकांकडे उपचारासाठी गेल्या, आणि त्याच विद्येच्या उपासक झाल्या. मोठी माणसे मनातले बोलून दाखवतात, मूल ते खेळून दाखवते, हे त्यांनी ओळखले. १९२६ साली त्या लंडनला स्थायिक झाल्या.

१९३० साली त्यांनी एका चार वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यात त्याला डिक म्हटले आहे. आज पुष्कळ जाणकार त्याला स्वमग्न मानतात. आई असो वा दाई, त्याला कोणाचीच ओढ नव्हती. आवड ती आगगाड्यांची आणि दारांची. बाईंनी त्याच्यापुढे दोन गाड्या ठेवल्या, मोठी बाबांची आणि लहान डिकची. त्याने लहान गाडी उचलून खिडकीपर्यंत नेली. पुढे भीती वाटली की तो दाईला हाका मारू लागला.

मात्र त्याच लेखात आईच्या मायेत उणीव काढली आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे वर्णन केले, आणि पुढे कित्येक वर्षे पंडितांनी दोष आईच्या माथी मारला. आज तो समज टाकून दिला आहे. ही मेंदूची जडणघडणच वेगळी असते.

खुद्द बाईंच्या संसारातही दुःख होतेच. एक मुलगा १९३४ साली डोंगरावरून पडून गेला. मुलगी त्याच विद्येत निष्णात होऊन भर सभेत त्यांना विरोध करू लागली. तो दुरावा अखेरपर्यंत मिटला नाही. २२ सप्टेंबर १९६० रोजी बाई निवर्तल्या.

परवा मी शेजारणीकडे जाऊन क्षमा मागितली. मुलाजवळ बसून एक झाकण फिरवले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पण माझे झाकण थांबले, तेव्हा त्याने ते पुन्हा फिरवून दिले. पुढच्या हळदीकुंकवाला त्या मायलेकांना आपण आवर्जून बोलवावे, एवढीच विनंती.